आजारपणानंतर ऑफिस: बुधवारी सुरुवात करा, अकरा ते तीन

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी ३४ वर्षांची. राहायला डोंबिवलीत, नोकरी मरोळला एका खासगी कंपनीत, नऊ वर्षं अकाउंट्समध्ये. फेब्रुवारीत चार तास झोपूनही मी ताजीतवानी असायचे, सकाळी साडेसातला ऑफिसात हजर. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मार्चमध्ये सगळं हाताबाहेर गेलं. रात्री दोनला ऑफिसच्या ग्रुपवर सव्वीस मेसेज टाकले, दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये साहेबांना तोंडावर चोर म्हणाले. तेवीस दिवस हॉस्पिटलात होते. बायपोलरचं, म्हणजे अतिउत्साह आणि उदासी यांत झुलणाऱ्या मनाच्या आजाराचं, निदान झालं. आता रात्री लिथियम ३०० च्या तीन गोळ्या आणि क्वेटियापिन २०० चालू आहे. साडेचार महिने रजेवर आहे. कंपनी म्हणते, १ ऑगस्टला रुजू व्हा, येताना फिटनेस सर्टिफिकेट आणा. सकाळी दहापर्यंत डोकं जड असतं. आकडे पूर्वीसारखे डोक्यात बसत नाहीत. सासूबाई म्हणतात नोकरी सोड. ऑफिसात काय सांगू? ते मेसेज अजून ग्रुपवर आहेत, ते कसे काढू?

उत्तर:

आधी तारखेचं बघू, कारण घाई तिचीच आहे. १ तारीख तुमच्यासाठी वाईट. अकाउंट्सवाल्याला हे सांगायला नको, पण आजारपणात कर आणि विवरणपत्रं भरण्याच्या मुदतींचं आपलंच कॅलेंडर आपण विसरतो: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला जीएसटीचं ३बी. म्हणजे रुजू झाल्या दिवसापासून तुम्ही वीस दिवसांच्या घाण्याला जुंपल्या जाणार, तेही साडेचार महिन्यांचं साचलेलं काम समोर ठेवून. त्याऐवजी २० ऑगस्टनंतरचा पहिला बुधवार मागा. बुधवार अशासाठी की पहिला आठवडा तीनच दिवसांचा होतो आणि लगेच शनिवार-रविवार मिळतो. सोमवारी सुरू करणारा माणूस गुरुवारपर्यंत थकतो आणि शुक्रवारी ‘मला हे जमणार नाही’ असा निकाल लावून बसतो. तो निकाल बहुतेकदा थकव्याचा असतो.

यातून तीन आठवडे हाताशी येतात. ते रंगीत तालमीसाठी वापरा. पहिल्या आठवड्यात फक्त उठण्याची वेळ: साडेसहा, रोज, रविवारीसुद्धा. आंघोळ आणि नाश्ता करून नऊच्या आत ऑफिसच्या कपड्यांत तयार. एवढंच. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस सव्वानऊला घराबाहेर पडून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, आणि ऑफिसात न जाता परत. गर्दीत घाबरायला झालं, डोकं गरगरलं, तर ते ऑगस्टच्या मध्यात कळलेलं बरं. तिसऱ्या आठवड्यात जवळच्या वाचनालयात सलग दोन तास टेबलावर बसा आणि हाताने काम करा: एखादं जुनं बँक स्टेटमेंट घेऊन तीस नोंदी लेजरशी जुळवायच्या. वेळ लावा, चुका मोजा. तीस नोंदींना पूर्वी वीस मिनिटं लागत असतील आणि आता पन्नास लागत असतील, तर पन्नास हा तुमचा आजचा आकडा. तो लिहून ठेवा, कारण चार आठवड्यांनी तुम्हाला ‘काही सुधारणाच नाही’ असं वाटेल आणि तेव्हा हा कागद कामाला येईल.

आकडे डोक्यात न बसण्याबद्दल. मॅनियाच्या (अतिउत्साहाच्या) झटक्यानंतर मन ताळ्यावर लवकर येतं. लक्ष, स्मरण आणि कामाचा वेग मात्र मागे रेंगाळतात, कधी काही आठवडे, कधी काही महिने. औषधांची गुंगी त्यात भर घालते. बुद्धी गेली असा त्याचा अर्थ नाही. पण इच्छाशक्तीने रेटूनही ते भरून येत नाही, म्हणून कामाची पद्धत बदला. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं उठून चालणं. एका वेळी स्क्रीनवर एकच फाईल. तोंडी सांगितलेलं काम तिथल्या तिथे वहीत लिहून, लिहिलेलं परत वाचून दाखवायचं: ‘म्हणजे जूनची क्रेडिटर्सची यादी, उद्या बारापर्यंत, बरोबर?’ याने तुमच्या आठवणीवरचा ताण वाचतो आणि समोरच्याला विश्वास येतो. बेरजा जुळल्या तरी एकदा उलट क्रमाने तपासा. पैसे पाठवण्याची अंतिम मंजुरी सध्या तुमच्याकडे नको. नोंद तुम्ही करायची, मंजुरी दुसऱ्याने द्यायची. हे तुम्हीच होऊन मागितलंत तर अपमान वाटत नाही, आणि चूक झाली तर ती एकट्या तुमच्या डोक्यावर येत नाही.

आता गोळ्या. सकाळचं जडपण बहुतेक क्वेटियापिनचं आहे. पत्रात वेळ लिहिलेली नाही, पण घरचं आवरून साडेअकराला गोळी घेत असाल तर सकाळी दहापर्यंत डोकं जड राहणारच. डॉक्टरांना विचारून ती साडेआठ-नऊला घ्या आणि साडेदहाला दिवा बंद. साधी गोळी आहे की लांबवर काम करणारी एक्सआर, हे पाकिटावर पाहून डॉक्टरांना सांगा. एक्सआर असेल तर ती तोडायची नाही आणि भरल्या पोटी घ्यायची नाही, त्यामुळे जेवणाची वेळही बदलावी लागेल. सकाळी पलंगावरून ताडकन उठू नका. दोन मिनिटं काठावर बसा, मग उभ्या राहा. या गोळीने उभं राहताना रक्तदाब खाली जाऊ शकतो. धावती लोकल पकडणं तर विसराच. स्टेशनपर्यंत स्कूटी नेत असाल तर गुंगी पूर्ण जाईपर्यंत रिक्षा करा.

कामावर परतलेल्या माणसाची गाडी घसरते ती साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि ती अशी: काम वाढतं, गुंगी आड येते, म्हणून अर्धी गोळी कमी केली जाते. दोन दिवस छान वाटतं. मग झोप तासाभराने कमी होते. त्यातही छानच वाटतं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गुंगी सहन होत नसेल तर डॉक्टरांना फोन करा, मात्रा आणि वेळ त्यांच्याकडून बदलून घ्या. स्वतः ब्लेडने गोळी कापू नका.

लिथियमचं पथ्य वेगळं. ते अंगात ठरावीक पातळीत राहिलं तरच उपयोगी: रक्ताच्या रिपोर्टात साधारणपणे ०.६ ते ०.८ mEq/L, काहींना १.० पर्यंत, १.५ च्या वर विषबाधेची भीती. पातळीची तपासणी शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी करायची असते. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त. लॅबवाला सातला बोलावेल, तुम्ही नऊच सांगा. दहा तासांनी रक्त दिलं तर आकडा फसवा वर येतो आणि विनाकारण मात्रा कमी होते. सुरुवातीच्या वर्षात ही तपासणी साधारण तीन महिन्यांनी, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) सहा महिन्यांनी. रुजू होण्याच्या आठवड्यात एकदा पातळी पाहून घ्या, कारण प्रवास सुरू झाला की तुमचं पाणी बदलणार आहे.

पाण्याचं जरा सविस्तर सांगायला हवं. लोकलने जाणाऱ्या बायका सकाळी पाणी टाळतात, स्टेशनवर स्वच्छतागृह मिळेल की नाही म्हणून. त्यातून ऑगस्ट-सप्टेंबरची दमट हवा, डब्यातला घाम. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि गोळ्या तेवढ्याच असूनही पातळी चढते. म्हणून दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, त्यातलं निम्मं ऑफिसात पोचल्यावर दुपारपर्यंत. टेबलावर एक लिटरची बाटली ठेवा, घरी निघेपर्यंत ती दोनदा रिकामी व्हायला हवी. मीठ अचानक कमी करू नका. म्हणजे श्रावणातले अळणी उपास आणि निर्जळी एकादशी बंद. उपास करायचाच तर साबुदाण्यात मीठ घाला आणि पाणी-ताक चालू ठेवा. चहाही एकदम दुप्पट किंवा एकदम बंद करायचा नाही, त्यानेही पातळी हलते. चार वाजल्यानंतर मात्र चहा नको, झोपेसाठी.

डोकं दुखलं, पाठ धरली तर ऑफिसच्या फर्स्ट एडच्या डब्यातली कुठलीही गोळी घेऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने लिथियम वाढतं. पॅरासिटामॉल चालतं. ब्लडप्रेशरची नवी गोळी कुणी लिहून दिली तर आधी ‘मी लिथियम घेते’ हे सांगा. हाताला बारीक कंप असणं नेहमीचं आहे, पेनाने सही करताना जाणवेल. पण मोठा थरथराट, उलट्या-जुलाब, जीभ जड होणं, चालताना तोल जाणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. गोळी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही.

फिटनेस सर्टिफिकेट. यात बहुतेक डॉक्टर एका ओळीत मोकळे होतात: ‘बायपोलर डिसऑर्डरची रुग्ण, सध्या ठीक, कामास योग्य.’ ही ओळ तुमच्या फाइलमध्ये नऊ वर्षांच्या कामाच्या वर जाऊन बसते. डॉक्टरांना नम्रपणे सांगा की मजकूर असा हवा: अमुक ते अमुक तारखेपर्यंत माझ्या उपचारांखाली होत्या, अमुक तारखेपासून कामास योग्य, पहिले सहा आठवडे कामाचे तास टप्प्याटप्प्याने वाढवावेत, रात्रीचं काम देऊ नये, दर चार आठवड्यांनी तपासणीसाठी वेळ द्यावा. आजाराचं नाव नको. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने तुमच्या आजाराबद्दलची गोपनीयता हा तुमचा हक्क आहे आणि डॉक्टर-हॉस्पिटल त्याला बांधलेले आहेत. (शेजारच्या टेबलावरच्या माणसाची जीभ कुठल्याही कलमाने बांधली जात नाही, त्याचं पुढे.) एक गोष्ट आधी तपासा: मार्चमध्ये रजेच्या अर्जाला घरच्यांनी डिस्चार्ज कार्ड जोडलं होतं का? जोडलं असेल तर एचआरला आजाराचं नाव माहीत आहे आणि तुमची लपवण्याची धडपड फुकट आहे. विम्याच्या दाव्याचे कागद वेगळ्या रस्त्याने विमा कंपनीकडे जातात. त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मानसिक आजारालाही शरीराच्या आजारासारखाच विमा द्यावा लागतो, तेव्हा तेवीस दिवसांचं बिल अजून दिलं नसेल तर मुदत किती उरली आहे ते आजच पाहा.

एचआरला ईमेल तुम्ही करा, फोन नको. तुमच्या कंपनीत चालणाऱ्या भाषेत, एवढाच मजकूर:

‘डॉक्टरांनी मला अमुक तारखेपासून कामास योग्य ठरवलं आहे, प्रमाणपत्र सोबत आहे. त्यांच्या सल्ल्याप्रमाणे पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीन दिवस, ११ ते ३. पुढचे दोन आठवडे पाचही दिवस, ११ ते ४. त्यापुढचे दोन आठवडे १०.३० ते ५.३०, सातव्या आठवड्यापासून पूर्ण वेळ. या सहा आठवड्यांत रात्री सातनंतर कामासाठी थांबणं मला शक्य नाही. कामाच्या सूचना ईमेलवर मिळाव्यात आणि माझ्या नोंदी दुसऱ्या कुणी तपासाव्यात. कमी तासांची गणना शिल्लक रजेतून होईल की बिनपगारी, हे लेखी कळवावं. सहा आठवड्यांनी बसून पुन्हा ठरवू.’

यात आजार कुठेच नाही, सगळं कामाच्या भाषेत आहे. साहेबांना सहानुभूतीपेक्षा हे समजतं: कधी येणार, किती वेळ बसणार, काय करणार नाही. अकराची वेळ दोन कारणांनी: तोपर्यंत गुंगी उतरलेली असते, आणि साडेनऊनंतर बायकांच्या डब्यात निदान उभं राहायला जागा मिळते. रात्री सातची अट सगळ्यांत महत्त्वाची. सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट असतं, ऑडिटवाले नऊ-नऊ वाजेपर्यंत बसतात, आणि ‘आजच्या दिवस थांब ना’ हे फार प्रेमाने म्हटलं जातं. बाकीच्या मागण्यांत तडजोड करा, हीत करू नका. जीएसटीचं पहिलं ३बी तुम्ही भरायचं नाही, शेजारी बसून बघायचं.

रजेचा हिशेब असा पडेल (पाच दिवसांचा आठवडा धरून): पहिल्या दोन आठवड्यांत चार पूर्ण दिवस आणि सहा अर्धे, म्हणजे सात, पुढच्या दोन आठवड्यांत दहा अर्धे, म्हणजे पाच. बारा दिवस. शिल्लक नसतील तर बारा दिवसांचा पगार जाईल. हा आकडा घरात आधीच सांगून ठेवा, म्हणजे सप्टेंबरचा पगार बघून कुणी चमकणार नाही आणि त्या दडपणाखाली तुम्ही तिसऱ्याच आठवड्यात पूर्ण वेळ बसू लागणार नाही.

कंपनी नाही म्हणाली तर? खासगी नोकरीत कायद्याचा आधार सरकारी नोकरीपेक्षा अशक्त आहे, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजार येतो. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण करायला हवं असं कलम २१ म्हणतं. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्यात काय काय लिहायचं हे २०१७ च्या नियमांत आहे. एचआरला ‘आपलं समान संधी धोरण पाठवाल का?’ असं एका ओळीचं ईमेल पाठवा. पुष्कळदा तेवढ्याने सूर बदलतो. नाहीच बदलला तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाचं दार आहे. दिव्यांगत्वाच्या दाखल्यामागे मात्र आत्ता लागू नका. त्यासाठी स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद-समज आणि काम या चार बाबींत किती अडतं ते मोजतात, सवलतींसाठी ४० टक्के लागतात, आणि तुम्ही ज्या स्थितीत आहात त्यात ते भरतीलच असं नाही.

हे वाचणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी: याच कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही किंवा पायरी खाली आणता येत नाही, तेवढ्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या कामावर बदली द्यावी लागते. मानसिक आजाराशी संबंधित वागण्यावरून शिस्तभंगाची कारवाई होते तेव्हा डिसेंबर २०२१ मधला सर्वोच्च न्यायालयाचा रवींदर कुमार धारीवाल यांचा निकाल वकिलाला दाखवा. आणि ज्यांचा ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जातो (पगार २१,००० पर्यंत), त्यांना आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के वेतन मिळतं. स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारखे आजार दीर्घ आजारांच्या यादीत आहेत आणि पुरेशी हप्तेभरणी असेल तर ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत लाभ आहे. राजीनामा देण्याआधी ईएसआयच्या दवाखान्यात विचारा. बरेच जण नंतर विचारतात.

माणसांचं. तुमच्या बाबतीत ‘सांगू की नको’ हा प्रश्न अर्धा सुटलेला आहे, कारण मार्च सगळ्यांनी पाहिला. उरलं ते किती सांगायचं. साहेबांना पहिल्याच दिवशी, केबिनमध्ये, दोन मिनिटांत, एकदाच: ‘सर, मार्चमध्ये मी जे बोलले ते आजारपणात बोलले. तुम्हाला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, त्याबद्दल माफ करा. उपचार चालू आहेत.’ मग कामाचा विषय काढा. पुन्हा माफी नको. दर दोन दिवसांनी माफी मागणारा माणूस समोरच्याला तो प्रसंग विसरू देत नाही.

बाकीच्यांना एकच वाक्य, घरी आरशासमोर पाठ करून: ‘तब्येत बरीच बिघडली होती, आता औषधं चालू आहेत, बरी आहे. तुझं कसं चाललंय?’ प्रश्न परत टाकला की दहातले आठ जण स्वतःबद्दल बोलू लागतात. उरलेले दोघं ‘पण नक्की झालं काय?’ म्हणतील. ‘झोपेचा आणि मेंदूचा आजार, डॉक्टर बघतायत, जास्त बोलायला नको म्हणालेत.’ यातलं काही खोटं नाही. चहाच्या टपरीवर, पहिल्या आठवड्यात, कुणी डोळ्यांत पाणी आणून चौकशी केली म्हणून सगळी कहाणी सांगून टाकू नका. सांगितलेलं परत घेता येत नाही; न सांगितलेलं सहा महिन्यांनीही सांगता येतं.

एका माणसाला मात्र पूर्ण सांगा: ऑफिसातली एखादी विश्वासाची मैत्रीण. तिला तुमच्या नवऱ्याचा नंबर द्या आणि तिने काय बघायचं ते लिहून द्या. ही यादी आम्ही देण्यात अर्थ नाही, ती तुमच्या फेब्रुवारीत आहे: साडेसातला ऑफिसात येणं. भराभर बोलणं. एका ईमेलच्या जागी सहा. दुपारचा डबा तसाच परत नेणं. यातल्या दोन गोष्टी सलग दोन दिवस दिसल्या तर तिने तुमच्याशी वाद घालायचा नाही, थेट नवऱ्याला फोन करायचा. ही परवानगी तुम्ही आत्ताच द्यायची, बरं असताना.

फेब्रुवारीतलं ते कौतुक विसरू नका. या आजाराची पहिली पायरी ऑफिसात गुणवान दिसते: लवकर येणारी, न थकणारी, दोघांचं काम एकटी करणारी. साहेबांचा यात दोष नाही, त्यांना ओळखता येणार कसं? पण तुम्हाला आता येतं. झोप येत नाही आणि दिवसभर थकवा आहे, ही साधी झोपमोड. चार-पाच तास झोपूनही थकवा नाही, उलट उत्साह आहे, ही खूण. अशा दोन रात्री लागोपाठ गेल्या तर तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फोन, त्या दिवशी काम नाही, कार्ड आणि मोठे खर्च नवऱ्याकडे. झोपेचे तास रोज कॅलेंडरवर पेनाने लिहा, एक आकडा, बस्स. गणपतीही याच सहा आठवड्यांत येतात. मखर आदल्या रात्री जागून करायचं असतं असा काही शास्त्रार्थ नाही. पाहुण्यांचं रात्रीचं बसणं तुमच्याशिवाय चालू दे.

आकडा दुसऱ्या बाजूलाही सरकू शकतो. मॅनियानंतर उदासीचा काळ येणं सर्रास घडतं, आणि ऑफिसातली लाज त्याला खतपाणी घालते. दहा तास झोपूनही उठवत नाही, डबा उघडावासा वाटत नाही, असं आठवडाभर चाललं तर तासांचा पुढचा टप्पा घेऊ नका, आहे तिथेच थांबा आणि डॉक्टरांची पुढची तारीख अलीकडे आणा. ‘नसते तर बरं झालं असतं’ असा विचार आला तर त्याच दिवशी घरात सांगा. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ चोवीस तास आणि मराठीत चालतो, आणि ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय तुमच्याच जिल्ह्यात आहे.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांनी मार्च घरातून पाहिला आहे, त्यांची भीती खरी आहे. ‘आई, सहा महिने बघू, मग ठरवू’ म्हणा आणि खरंच सहा महिने राजीनाम्याचा विषय काढू नका, तुम्हीसुद्धा. नोकरीने उठण्याची वेळ, जेवणाची वेळ, बाहेर पडण्याचं कारण आपोआप मिळतं. घरी बसून ते रोज नव्याने तयार करावं लागतं. सासूबाईंना एक काम द्या: रात्रीचं जेवण सव्वासातला. गोळी नऊला आणि झोप साडेदहाला जमायची असेल तर सगळं त्या ताटावर अवलंबून आहे, आणि ते तुमच्या हातात नसून त्यांच्या हातात आहे हे त्यांना कळू दे.

राहिले ते सव्वीस मेसेज. दोन-अडीच दिवसांनंतर व्हॉट्सॲपवर सगळ्यांकडून मेसेज पुसता येत नाही, आणि त्यासाठी ॲडमिनच्या मागे लागलात तर ज्यांनी वाचले नव्हते तेही वाचतील. तसेच राहू देत. ग्रुप म्यूट करा, रात्री आठनंतर उघडू नका, वर सरकवत मार्चपर्यंत तर अजिबात जाऊ नका. खुलाशाचा मेसेजही टाकू नका. रुजू झाल्यावर तिथे तुमचा पहिला मेसेज कामाचा असू दे, चौथ्या-पाचव्या दिवशी, दुपारी: ‘एप्रिल ते जूनचं बँक रिकन्सिलिएशन ईमेल केलं आहे. सात नोंदी जुळत नाहीत, यादी जोडली आहे.’